खोट्या पोपटाचा डोळा

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा चौथ्या दिवशी ऑर्केस्ट्रा नव्हता, व्याख्यान होतं. विषय होता 'ध्येयाविण जीवन व्यर्थ'. वक्ते तरुण होते. कोट घालून आले होते आणि कानाला माइक अडकवून, पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होते. तासाभरानं ते व्यासपीठावरून खाली उतरले, पहिल्या रांगेतल्या आमच्या मजल्यावरच्या काकांपुढे माइक धरला आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या आयुष्याचं ध्येय काय?"

काका एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टर होते. आता वय बहात्तर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "रात्री झोप लागावी."

मंडप हसला. वक्तेही हसले, माइक मागे घेतला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "बघा! हेच! आपण जगत नाही, नुसते दिवस ढकलतो." टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या कानात घेऊनच मी प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो. ज्या माणसानं चौतीस वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं, त्याला भर मंडपात 'तुम्ही जगलाच नाहीत' असं ऐकवायचा परवाना कोणी कोणाला दिला? बाप्पा समोर बसले होते, पण त्यांचंही नाव घेता येत नाही. त्यांनाही दहा दिवस पाटावर बसण्यापलीकडे काही ध्येय असल्याचं दिसत नव्हतं.

आता हे एका वक्त्याचं मत असतं तर मी मोदक खाऊन विसरलो असतो. पण हे मत हवेतच आहे. चौथीत 'मी कोण होणार' हा निबंध. पाचवीपासून फाउंडेशन कोर्स. दहावीनंतर 'काय ठरवलंयस मग?' मुलाखतीत 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' स्थळाच्या बायोडेटात 'ध्येयवादी, महत्त्वाकांक्षी'. आणि एवढं सगळं पार पाडून बिचारा निवृत्त झाला की सत्काराच्या नारळाबरोबर हातात प्रश्न, 'आता सेकंड इनिंगचा काय प्लॅन?' म्हणजे पाळण्यातून उतरल्यापासून तिरडीवर चढेपर्यंत माणसानं हातात ध्येयाचा दाखला घेऊन हिंडायचं. दाखला नसेल तर जगण्याचा अर्ज नामंजूर.

प्रतिपक्षावर अन्याय नको म्हणून त्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो. माणसाच्या जन्माला एक ध्येय हवं. ते स्पष्ट हवं, लिहून काढलेलं हवं, आरशाशेजारी चिकटवलेलं हवं. ज्याला ते सापडलं तो धावतो. ज्याला सापडलं नाही तो भरकटतो. असा माणूस म्हणजे सुकाणू नसलेली होडी, पत्ता नसलेलं पाकीट. थोर माणसं थोर झाली ती ध्येयामुळे, तरुण पोरं खचतात ती ध्येय नसल्यामुळे. सगळेच ध्येय सोडून बसले तर समाज बंद पडेल. हे शास्त्रानं सिद्ध झालंय, जपान्यांनी जगून दाखवलंय, आणि आपल्या द्रोणाचार्यांनी तर केव्हाच सांगून ठेवलंय.

एकेक घेऊ.

शास्त्रापासून सुरुवात करू, कारण पडद्यावरचं पहिलं चित्र तेच होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५३ साली पदवी घेणाऱ्या मुलांना विचारलं, तुमची ध्येयं लिहून काढली आहेत का? फक्त ३ टक्के मुलांनी काढली होती. वीस वर्षांनी पाहतात तो काय, त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त! मंडपात 'अरे वा' उमटलं. ही कथा तुम्हीही ऐकली असेल. कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं, कधी १९५३च्या जागी १९७९. कीर्तनकार बदलला की आख्यानातलं गाव बदलावं, तसं.

तर तो अभ्यास झालेलाच नाही. १९९६ साली 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकानं त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. ही कथा सांगून सभा जिंकणाऱ्या नामांकित वक्त्यांकडे विचारणा केली, तर एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. येलमध्ये असा काही अभ्यास झाल्याचा कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे 'ध्येय लिहून काढा' या धर्माचा आद्य ग्रंथच कुणी लिहिलेला नाही! यातली गंमत लक्षात घ्या. खोटी गोष्ट सांगणाऱ्याचं ध्येय मात्र अगदी स्पष्ट होतं. टाळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या.

आता होडी आणि पाकीट. उपमा ही मोठी फसवी वस्तू. ती पटकन पटते, म्हणून कोणी तपासत नाही. पत्ता नसलेलं पाकीट म्हणे! अहो, पाकिटावरचा पत्ता पाकीट स्वतः लिहितं का? लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. आणि ते पत्त्यावर बिनचूक पोचलं की त्याचं काय होतं? कड फाडतात, आतला कागद काढून घेतात आणि पाकीट केरात टाकतात. माणसानं असं व्हावं हा आदर्श असेल तर तो तुम्हाला लखलाभ.

आणि सुकाणू? सुकाणू वळण्यासाठी असतं. वारा बघून, खडक बघून, भरती-ओहोटी बघून होडी वळवता यावी म्हणून ते असतं. मुक्कामाचं बंदर ही वेगळी गोष्ट, सुकाणू ही वेगळी. ज्यानं आयुष्यात मुक्काम ठरवलेला नाही, त्याच्या हातात सुकाणू नाही हे कोणी सांगितलं? उलट दहाव्या वर्षी दिशा ठरवून सुकाणू दोरीनं करकचून बांधून टाकणारा नावाडी मला जास्त धोक्याचा वाटतो. खडक दिसला तरी तो वळणार नाही. का? तर ध्येयापासून ढळायचं नसतं!

व्याख्यानानंतर जिन्यात काका भेटले. मी त्या पाकिटावर चिडचिड करत होतो. काका म्हणाले, "पाटी बसला लागते हो. तीही एका फेरीपुरती. सकाळी दापोली-मुंबई, रात्री मुंबई-दापोली. उतारूला उतरायचं ठिकाण लागतं. कंडक्टरला कुठे उतरायचं असतं? त्यानं आपली माणसं मोजायची, सुटे पैसे द्यायचे, म्हातारी चढली की जागा करून द्यायची."

मला या वादात जेवढं मान्य करायचं आहे, तेवढं त्या पाटीत आलं. पहाटेची गाडी पकडायची तर पाचला उठावं लागतं. डॉक्टरनं पोट उघडलं तर काय काढायचं ते त्याला ठाऊक असायला हवं. कामाला हेतू असतो, फेरीला पाटी असते. एवढं कबूल. पण फेरीची पाटी उचलून जन्माच्या कपाळावर ठोकायची, हे कुठलं तर्कशास्त्र?

मग थोर माणसं. 'एकही थोर माणूस दाखवा, ज्याला ध्येय नव्हतं!' वक्त्यांनी आव्हान दिलं होतं. मंडपात गणपतीपुढे कोण उत्तर देणार? इथे देतो.

मुंबईत १८९६ साली जन्मलेला एक मुलगा घ्या. कॉलेज धड झालं नाही. ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेला. तिथे धंद्यापेक्षा रानात जास्त रमला, आणि धंदा बसला. परत येऊन व्यापारी शिक्षण घेतलं, जोडीला थोडं प्राणिशास्त्र. सरकारी प्राणिसर्वेक्षणात जागा होती, ती विद्यापीठाची पदवी नाही म्हणून मिळाली नाही. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना वस्तू दाखवून माहिती सांगायची नोकरी लागली. तिथून शिकायला जर्मनीत गेला आणि १९३० साली परत येतो तो पैशाअभावी ती जागाच रद्द. वय चौतीसच्या आसपास, नोकरी नाही. तेव्हा तो अलिबागजवळ किहीमला, बायकोच्या माहेरच्या घरात जाऊन राहिला. आसपास सुगरणींचे खोपे लटकत होते, ते बघत बसला. त्या बघत बसण्यातून सुगरण पक्ष्याच्या संसाराचा जो अभ्यास निघाला, त्यानं पक्षिशास्त्रात त्याचं नाव झालं. हे सलीम अली.

आता हेच चरित्र ध्येयवादी वक्त्याच्या हाती द्या. 'बालपणीच एका चिमणीनं त्यांना ध्येय दिलं आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही!' अहो, ते ब्रह्मदेशातून मागे वळले, धंद्यातून वळले, नोकरीवरून वळले, किहीमला तर वळूनच बसले. पक्ष्यांचं वेड होतं, निःसंशय होतं. पण वेड आणि ध्येय यांत फरक आहे. वेडाला वेळापत्रक नसतं आणि वेडाला पोचायचं नसतं. शिवाय ज्या कामासाठी आपण आज त्यांना ओळखतो, त्या कामाची पगारी पाटी तेव्हाच्या हिंदुस्थानात जवळजवळ नव्हतीच. मग 'पाच वर्षांनी कुठे पाहता' याला त्यांनी काय उत्तर द्यायचं होतं? चरित्रं मागून पुढे लिहिली जातात. शेवट ठाऊक असलेला माणूस सुरुवातीला बसून रेघ मारतो आणि त्या रेघेला ध्येय म्हणतो.

पण इथे मला एक मोह आवरायचा आहे. 'बघा, निरुद्देश भटकणारेच मोठे शोध लावतात, म्हणून भटका' असं म्हणून मी टाळ्या घेऊ शकलो असतो. ते म्हणणार नाही. भटकण्याचं समर्थन त्यातून निघालेल्या यशानं करायचं, म्हणजे मागच्या दारानं ध्येयालाच पुन्हा घरात घ्यायचं. किहीमला सुगरणी बघत बसलेल्या बेकार माणसाच्या हातून काहीच झालं नसतं, एकही निबंध लिहून झाला नसता, तरी त्या दिवसांत वाया गेलेलं काही नव्हतं. माझा मुद्दा एवढाच आणि नेमका हाच आहे.

आता खचलेल्या पोरांकडे येऊ. 'तरुणांना ध्येय नाही म्हणून ते नैराश्यात जातात' हे वाक्य व्याख्यानात तीनदा आलं. वक्त्यांनी पुण्यात नवी पेठेत, सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्यावर कधी फेरी मारली आहे का? कॉट बेसिसवर राहणारी, मेसमध्ये जेवणारी, स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेत बारा बारा तास बसणारी हजारो मुलं-मुली तिथे भेटतील. एवढं स्पष्ट ध्येय असलेली इतकी माणसं उभ्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे एका ठिकाणी सापडणार नाहीत. ध्येय लिहिलेलं आहे, पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे, त्याखाली पदाचं नाव आहे. आणि तिथेच जाऊन विचारा, चौथा अटेम्प्ट गेल्यावर काय वाटतं. दिवाळीला गावी जाताना मुद्दाम रात्रीची गाडी धरणारे मला भेटले आहेत. दिवसा उतरलं की पारावरची मंडळी विचारतात, 'निघाली का पोस्ट?'

थोडा हिशेब करू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ सालच्या नागरी सेवा परीक्षेला ११,३५,६९७ जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,७३,७३५. शेवटी शिफारस झाली ९३३ जणांची. आता समजा, त्या अकरा लाखांपैकी प्रत्येकानं रोज पहाटे उठून आपलं ध्येय अकरा वेळा लिहिलं असतं, प्रत्येकाची जिद्द पोलादी असती, प्रत्येकानं मोबाइल विहिरीत टाकला असता. किती जण निवडले गेले असते? ९३३. जागा ध्येयानं वाढत नाहीत. हे चौथीच्या पोराला कळणारं गणित आहे. पण ते सांगितलं तर व्याख्यानाचं मानधन कोण देणार? म्हणून सांगायचं, 'तुमचं ध्येय पक्कं नव्हतं.' औषध लागू पडलं तर वैद्य थोर, नाही पडलं तर रोगी नालायक. आणि राज्यसेवेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३ असल्यामुळे हा रोगी बराच काळ पथ्यावर ठेवता येतो.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो आवाज चढवून येतो. 'तुमचं पोट भरलेलं आहे म्हणून हे सुचतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला ध्येयच तारतं.' नाही. त्या पोराला नोकरीची गरज आहे, आणि गरज ही ध्येयापेक्षा कितीतरी खरी आणि कितीतरी दयाळू गोष्ट आहे. एक नोकरी नाही मिळाली तर गरज दुसरी शोधायला सांगते. ध्येय दुसरं शोधू देत नाही. ते म्हणतं, हीच पोस्ट, नाहीतर तू हरलास. गरज अपुरी राहिली की माणूस अडचणीत येतो. ध्येय अपुरं राहिलं की त्याचा जन्मच नापास होतो. पैसेवाल्याच्या मुलाचं ध्येय हुकलं तर बापाचं दुकान असतं, परदेशी कॉलेज असतं, निदान 'वर्षभर स्वतःला शोधायला' हिमालय असतो. हुकण्याची चैन ज्याला परवडत नाही त्यालाच तुम्ही एका डावावर सगळं लावायला सांगता, आणि वर मला पोटभरू म्हणता?

आता जपान. 'इकिगाई' हे पुस्तक ठाऊक नाही असा मराठी वाचक आता विरळा. ते लिहिलं दोन स्पॅनिश लेखकांनी, २०१६ साली. त्या नावाबरोबर चार वर्तुळांची एक आकृती जगभर फिरते: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं आहे आणि कशाचे पैसे मिळतील. चारही वर्तुळं जिथे छेदतात तिथे तुमच्या जन्माचं प्रयोजन! आमच्याही पडद्यावर ती आली आणि लोकांनी मोबाइल वर करून तिचे फोटो काढले. ही आकृती जपानी नाही. ती एका स्पॅनिश ज्योतिष्यानं काढली, आणि तिच्या मधोमध 'प्रयोजन' असा शब्द होता. २०१४ साली एका ब्रिटिश गृहस्थानं तो शब्द पुसून तिथे 'इकिगाई' लिहिलं. संपलं जपानचं प्राचीन शहाणपण!

इकिगाई म्हणजे ज्यामुळे जगावंसं वाटतं ते. जपानी बोलण्यात हा शब्द नातवंडाच्या खेळण्यालाही चालतो, परसातल्या भाजीलाही चालतो. त्या विषयावर मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६६ साली गंभीर पुस्तक लिहिलं. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करत. घरदार तुटलेली, बेटावर आणून ठेवलेली ती माणसं. जगणं रितं वाटणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून समजून घ्यायला बाई बसल्या. रितेपण खरं असतं, हे मीही नाकारत नाही. पण त्या माणसांपुढे ही चार वर्तुळं धरून बघा. 'कशाचे पैसे मिळतील?' कुष्ठरोग्याला कोण पैसे देणार होतं? म्हणजे आकृतीच्या हिशेबानं त्यांचं जगणं निरर्थक ठरलं. आयुष्याच्या अर्थाचा चौथा हिस्सा पगारात मोजणारी आकृती अध्यात्म म्हणून विकली जाते, आणि आपण तिचे फोटो काढतो.

पुढचा आक्षेप समाजाचा. 'सगळेच असं म्हणू लागले तर देश कसा चालेल?' देश आत्ता कोणाच्या जिवावर चालला आहे? पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण आठवा. लग्न दुसऱ्याचं, धावपळ याची. त्याला 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस' विचारलं असतं तर त्यानं पुढच्या मुहूर्ताची तारीख सांगितली असती. त्या मांडवात महत्त्वाकांक्षी पाहुणे पुष्कळ असतील. पण नारायण निघून गेला तर वऱ्हाड उपाशी राहील. पहाटे उठून हंडे भरणारी आमची आई, सोसायटीचा कचरा नेणारा पोरगा, वॉर्डात रात्रभर जागणारी आयाबाई, यांच्यापुढे कधी कोणी माइक धरला नाही. धरला असता तर त्यांनीही झोपच मागितली असती. ध्येय नसणं म्हणजे आळस, हे समीकरण ज्यानं मांडलं त्यानं घरातली एकही बाई नीट पाहिलेली नसणार.

राहता राहिले द्रोणाचार्य. व्याख्यानाचा कळस तोच होता. 'झाडावर पोपट आहे. युधिष्ठिरा, काय दिसतं? झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. नापास! अर्जुना, तुला काय दिसतं? फक्त डोळा. पास!' हे ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. जरा मूळ आदिपर्व उघडू. पहिली गोष्ट, तिथे पोपट नाही. दुसरी, डोळाही नाही. अर्जुन म्हणतो मला पक्ष्याचं डोकं दिसतं. तिसरी गोष्ट तर बहारीची. तो पक्षीच खरा नाही. द्रोणांनी कारागिरांकडून करवून घेतलेला, झाडाच्या शेंड्यावर बसवलेला खोटा पक्षी. त्या पक्ष्याच्या जातीसाठी संस्कृतात शब्द कोणता आहे? भास. मराठीत भास म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे शंभरावर विद्यार्थ्यांची स्पर्धा परीक्षा, एक उत्तीर्ण, आणि लक्ष्य म्हणजे भास. यापेक्षा प्रामाणिक वर्णन मला तरी करता येणार नाही.

आणि ज्याला झाड, गुरू, भाऊ असं सगळं एकदम दिसलं, तो नापास का? हेच पुढे अर्जुनाला दिसलं. कधी? कुरुक्षेत्रावर, दोन सैन्यांच्या मध्ये. तिथे त्याला एकदम आचार्य दिसले, आजोबा दिसले, मामा दिसले, भाऊ दिसले, आणि हातातून गांडीव गळालं. युधिष्ठिराला जे शाळेत दिसत होतं ते अर्जुनाला दिसायला उभा जन्म आणि अठरा अक्षौहिणी सैन्य लागलं. आणि त्या क्षणी श्रीकृष्णानं त्याला काय सांगितलं? ध्येय लिहून काढ? फळावर डोळा ठेवू नकोस, असंच ना? एक गुरू म्हणतो डोक्याशिवाय काही पाहू नकोस, दुसरा म्हणतो फळाकडे पाहूच नकोस. आमचे वक्ते एकाच श्वासात दोघांचा हवाला देतात आणि घरी जाऊन शांत झोपतात.

शिवाय त्या आश्रमाची एक गोष्ट व्याख्यानांत येत नाही. अर्जुनाला सर्वश्रेष्ठ धनुर्धर करायचं हे ठरलेलं ध्येय होतं. ते गाठताना आडवा आला एकलव्य. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ध्येय एकाचं, अंगठा दुसऱ्याचा. आजही फार बदललेलं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आपल्या आठ योजना बांधायचं ध्येय ठेवलं होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खोटी खाती उघडली. २०१६ साली प्रकरण बाहेर आलं तेव्हा १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढून टाकल्याचं कळलं. ज्याला फक्त डोकं दिसतं, त्याला ते डोकं ज्या धडावर आहे ते दिसत नाही.

म्हणून आता स्पष्टच लिहितो. प्रयोजन वस्तूला असतं. सुरी कापण्यासाठी, छत्री पावसासाठी, पाकीट पत्रासाठी. कुणीतरी कशासाठी तरी ती केलेली असते, आणि ते काम संपलं की ती भंगारात जाते. माणसाला 'तू कशासाठी आहेस' असं विचारणारा त्याला सुरीच्या रांगेत बसवतो. आणि निवृत्त माणसाला 'आता पुढचं ध्येय काय' असं विचारणारा त्याच्या अंगावर बोट फिरवून धार शिल्लक आहे का ते बघतो. मी कुणाच्या उपयोगी पडेन, न पडेन. माझ्या हातून काही होईल, न होईल. त्यावर माझं या झाडाखाली उभं राहणं अवलंबून नाही. जगण्याला परवाना लागत नाही, आणि तो तपासायचा अधिकार कोटवाल्याला, क्लासवाल्याला, वरपित्याला, कोणालाच नाही.

आणि तो शब्द तरी बघा. ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करावं ते. गाठायचं ते गंतव्य, मारायचं ते लक्ष्य. ध्येयाकडे धावायचं नसतं, त्याच्यापाशी बसायचं असतं. आम्ही शब्द ध्यानाचा घेतला आणि त्याला शिकारीला जुंपलं. त्या अर्थानं त्या मंडपात एकच माणूस शुद्ध मराठी बोलला. काकांच्या शेजारच्या खोलीत काकू दोन वर्षं अंथरुणावर आहेत. रात्रीतून तीनदा उठून त्यांना कुशीवर वळवायचं काम काका करतात. 'रात्री झोप लागावी' यातली झोप कोणाची, हे विचारायला वक्ते थांबले नव्हते. त्यांना पुढच्या चित्राकडे जायचं होतं.

पुढच्या वर्षी ते आले, तर पहिल्या रांगेत मी बसणार आहे. माइक माझ्यापुढे आला की मी युधिष्ठिराचंच उत्तर देईन. झाड दिसतं. तुम्ही दिसता. माझी माणसं दिसतात. तुमचा तो पक्षीही दिसतो, आणि तो खोटा आहे हेसुद्धा दिसतं. गुरुजी म्हणतील, नापास, बाजूला हो. होईन. बाजूला काढलेले आम्ही शंभराहून जास्त आहोत, आणि झाडाची सावली सगळी आमच्या बाजूला आहे.